पत्र्याच्या कारखान्यात गेलेला कान

मी एक जुना कान आहे. दचकू नका मित्रांनो, कुणाच्या डोक्यावरून निखळलेला नाही! विद्यापीठातल्या मूर्तिकाराने मला प्लॅस्टरमध्ये घडवलं. आकाराने मी चांगला भोपळ्याएवढा. माझी पाळी उचलली की आत पडदा दिसतो, पडद्यामागे तीन चिमुकली हाडं आणि त्यांच्याही आत गोगलगायीच्या शंखासारखी एक गुंडाळी. तिच्यातले बारीक केस रंगवताना मूर्तिकार श्वास रोखून बसायचा.

वर्गात माझा मोठा मान होता. मला बघायला मागच्या बाकावरची मुलंसुद्धा पुढे येत. पुढे भिंतीवर हलती चित्रं दिसू लागली आणि माझी रवानगी कपाटावर झाली. कुणीतरी माझ्या पाळीला छत्री अडकवू लागलं. मी सबंध कान, पण माझ्याकडे मात्र साऱ्यांचा कानाडोळा!

एके दिवशी ऐकण्याच्या शक्तीवर संशोधन करणाऱ्या बाईंनी मला खाली काढून पुसलं.

"आपण लिहितो आणि आपणच वाचतो," त्या सहकाऱ्याला म्हणाल्या. "ज्यांचे कान जातायत, त्यांच्या कानावर हे कधी घालायचं?"

मला मांडीवर घेऊन त्या बसने थेट एका पत्र्याच्या कारखान्यात गेल्या. तिथे पिंपं बनत. जेवणाच्या सुट्टीत यंत्रं थांबली, तरी म्हातारे मिस्त्री ओरडूनच बोलत होते.

"आमचे कान पक्के झालेत, बाई! सवय आहे!"

सगळे हसले. मिस्त्रींची मुलगी नुकतीच तिथे पत्रा कापायच्या यंत्रावर लागली होती. तीही हसली.

बाईंनी शांतपणे माझी गुंडाळी उघडली. "काका, आपल्या कानात असे केस असतात, गवतासारखे. एखाद्या वेळी तुडवलं तर गवत पुन्हा उभं राहतं. रोज तुडवलं तर मरतं. आणि हे गवत परत उगवत नाही."

मिस्त्रींना नीट ऐकू गेलं नाही. मुलीने तेच त्यांच्या कानाशी लागून सांगितलं. मिस्त्री बाईंकडे वळले.

"म्हणजे माझे गेलेले परत यायचे नाहीत?"

"नाही, काका. पण उरलेले वाचतील. हिचे तर अजून बहुतेक सगळे शाबूत असतील."

मिस्त्रींनी माझ्या आतल्या केसांवरून हलकेच बोट फिरवलं. मग ते उठले. मालकाने आणून दिलेली कानझाकणं खुंटीवर नुसतीच लटकत होती. त्यांनी एक जोड मुलीच्या कानांवर चढवली, दुसरी स्वतः घातली.

"हे घातल्याशिवाय कुणी यंत्राला हात लावायचा नाही!"

एवढं मात्र सगळ्यांना पहिल्या झटक्यात ऐकू आलं.

बाई मग अधूनमधून येऊन साऱ्यांचे कान तपासू लागल्या. मुलीचे कान आजही तल्लख आहेत. नंतर मी छापखान्यात गेलो, गिरणीत गेलो, शाळांमध्ये गेलो. विद्यापीठाने सर्वांसाठी दारं उघडली त्या दिवशी माझ्याशेजारी मिस्त्री उभे होते. माझे भाग सुटे करून ते अशा खड्या आवाजात समजावत होते की बाईंना माइक लावावाच लागला नाही.

मित्रांनो, गोंगाटात कान झाका, आणि कळलेलं चार जणांना सांगा. मला तडा गेला तर थोडं प्लॅस्टर लिंपून भागतं. तुमच्या कानांचं तसं नाही.