खिडकीसमोरचा फलाट

न्यूयॉर्कच्या तिसऱ्या हमरस्त्यावर, रस्त्याच्या वर लोखंडी खांबांवरून धावणाऱ्या रेल्वेच्या स्टेशनाचा फलाट हॉनोराच्या माडीवरच्या खिडकीपासून जेमतेम दोन हात लांब होता. नवरा गेल्यापासून बावीस वर्षं ती रोज सकाळी जपमाळ संपवून खिडकीत बसायची. स्टेशनचे लिंडेमानमास्तर झाडू टेकवून तिच्याशी चार शब्द बोलायचे. पूर्वी वाफेची इंजिनं होती तेव्हा खालच्या भाजीच्या गाड्यांवर निखारे पडायचे, हे तिला त्यांनीच सांगितलेलं.

"बटाटे आयतेच भाजून मिळायचे. तुम्हा आयरिश लोकांची सोयच होती."

"तुमचा जर्मन कोबी मात्र कच्चाच राहिला."

तिकिटाशिवाय तिला फलाटावर येता येत नसे, आणि एकट्या बाईच्या घरी जाणं मास्तरांना बरं वाटत नसे. इतक्या वर्षांत दोघं रस्त्यावर एकदाही भेटले नव्हते.

मे महिन्यात गाड्या बंद होणार, मग स्टेशन पाडणार, असं ठरलं. हॉनोराने नऊ दिवसांची प्रार्थना धरली. धीर दे, एवढंच मागणं. नवव्या दिवशी, शेवटची गाडी यायच्या आधी, ती म्हणाली, "मास्तर, रविवारी एक वाजता जेवायला या. तुमचं बोलणं थांबलं तर हे घर मला खायला उठेल."

मास्तरांनी डोक्यावरची टोपी काढली. "येतो, हॉनोराबाई."

रविवारी तिने मटणाचा रस्सा केला आणि सवयीने खिडकीतच वाट बघत बसली. समोर रिकामा फलाट. त्याच्या फळ्यांआड तिला रस्ता कधी दिसलाच नव्हता, ना रस्त्यावरून तिची खिडकी. तीन वाजले, रस्सा गार झाला.

सोमवारी खालचा इटालियन दुकानदार फेलीचे म्हणाला, "काल एक म्हातारा दारोदार हॉनोराबाईंना शोधत होता. आडनाव ठाऊक नाही म्हणे. मी सांगितलं, इथे कोणी हॉनोरा नाही."

"मीच ती."

"तुम्ही? तुम्ही तर मिसेस टायर्नी. दाराच्या घंटीवरही नवऱ्याचंच नाव आहे."

"कुठे राहतो, काही बोलला?"

"मी विचारलं नाही. स्टेशनच्या बंद जिन्याखाली उभा राहून बराच वेळ वर बघत होता."

मास्तर कुठे राहतात, हे तिनेही कधी विचारलं नव्हतं.

हिवाळ्यापर्यंत फलाट गेला, खांब गेले. तिच्या खोलीत ऊन आलं. रविवारी एकच्या सुमाराला ती खुर्ची घेऊन खाली दारात जाऊन बसते, येणाऱ्याजाणाऱ्यांची तोंडं बघत.