तंबाखू : नाही

“आ करा,” डॉक्टर नाझमीन म्हणाल्या.

गुरुदासने ओठ आणखी घट्ट मिटले. शाळेच्या वर्गात दात तपासायची खुर्ची मांडली होती आणि तिच्यावर तो फोटो काढायला बसल्यासारखा ताठ बसला होता.

“दुखतंय का कुठे?”

“दात ठीक आहेत माझे.” सरकारी माणसांशी बोलायची मराठी तो जपून वापरी. “मला एक कागद बघायचा आहे. माझ्या बायकोचा. तो दाखवा, मग तोंड उघडतो.”

मागून लवू ओरडला, “रे गुरुदास, तोंड उघड नायतर खुर्ची सोड! माजी दाढ ठणकता हय!”

“ठणकांदे. तुजी बघतत तरी.”

रांगेतले लोक हसले. टेबलाशी नावं लिहून घेणारी गावची आशा सेविका संचिता तेवढी हसली नाही. तिने पिशवी पायाजवळ ओढून घेतली. गुरुदासने ते बरोबर पाहिलं.

त्याची बायको मथुरा वारल्याला आठ महिने झाले होते. आधी तिला तिखट सोसेना. मग तोंड पुरतं उघडेना, भात पातळ करून चमच्याने घालावा लागे. गालाच्या आत जखम होती. गोव्याला नेलं तेव्हा तिथले डॉक्टर म्हणाले, दोन वर्षांआधी कुणी तोंडात बॅटरी मारून बघितलं असतं तर कॅन्सर वेळेत सापडला असता. गुरुदास काजूची बाग राखणारा माणूस. बुंध्याशी चिमूटभर भुसा दिसला तरी तार घालून अळी बाहेर काढणारा. कुणीतरी बघायला हवं होतं आणि बघितलं नाही, हे त्याच्या डोक्यातून जाईना.

कुणी बघायचं होतं? तीन वर्षांपूर्वी संचिता घरोघर फिरून आरोग्याचे फॉर्म भरून गेली होती. त्यातून तंबाखू खाणाऱ्यांना तोंड तपासायला बोलावणं आलं. गुटखा खाणाऱ्या लवूला आलं. मथुराला आलं नाही. गुरुदासच्या मनाने घेतलं की संचिताने आपल्या घरात बसूनच फॉर्म रंगवले. मनात आलं ते त्याने मनात ठेवलं नाही. देवळात बोलला, तळेऱ्याच्या बाजारात बोलला. लोक संचिताला बघून कुजबुजू लागले. त्याने तिच्याकडे दोनदा कागद मागितला. दोन्ही वेळा ती म्हणाली, “तो कागद तालुक्याक गेलो, काकानू,” आणि दोन्ही वेळा तिने नजर चुकवली. आणखी पुरावा काय हवा?

“तुमच्या मिसेस आरोग्य केंद्रावर येत होत्या?” डॉक्टरांनी विचारलं.

“साखरेच्या गोळ्यांका येय, दर म्हयन्याक!” गुरुदासची जपलेली मराठी सुटली. “दंडाक पट्टो बांधीत, बोटाचा रगात काढीत. तोंडात कोणी बघूक नाय. तोंड काय तिचा नव्हता?”

डॉक्टर खारेपाटणच्या. त्यांना मालवणी समजत होती. त्यांनी हातातला आरसा खाली ठेवला.

“बघायला हवं होतं,” त्या म्हणाल्या. “साखर असणाऱ्यांचं तर आधी. पण दातांचा डॉक्टर म्हणजे दात उपटणारा, असंच वरपासून खालपर्यंत सगळे धरून चालतात. बाकीचं शरीर रोज तपासायचं आणि तोंडासाठी वेगळं शिबिर. बारा केंद्रांना मी एकटी आहे. तुमच्याकडे वर्षातून दोनदा येते.”

गुरुदासला वाटलं होतं, बाई भांडेल. ती कबूल झाली तसा तो अधिकच सावध झाला. गोड बोलून वाटेला लावायची ही रीत त्याला ठाऊक होती.

“म्हणान सांगतंय, कागद दाखवा.”

“संचिता, आहे का गं तुझ्याकडे?”

“नको, मॅडम.”

“नको म्हणजे? त्यांच्या घरचा कागद आहे तो.”

“बघलात?” गुरुदास रांगेकडे वळला. “तालुक्याक गेलेलो कागद पिशयेत इलो!”

संचिताने पिशवीच्या तळातून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढला आणि त्याच्याकडे न बघता पुढे केला.

नाव मथुरा. वय चौपन्न. तंबाखू, गुटखा खाता का? नाही. खाली माहिती देणाऱ्याची सही होती. चौकटीत न मावलेली, शेवटचं अक्षर बाहेर गेलेली. त्याची स्वतःची.

गुरुदासने कागद उलटा केला. मागे काही नव्हतं. पुन्हा सुलटा केला.

मग त्याला ती दुपार आठवली. संचिता ओट्यावर बसून विचारत होती. मथुरा मागच्या दारात उभी होती. तोंडात मशेरी धरलेली, त्यामुळे बोलता येईना. तिने मानेनेच खुणावलं, तुम्ही सांगा. आणि तो म्हणाला होता, “तंबाखू? नाय गो बाये. आमच्या घरात तंबाखू खाणारा कोण नाय.”

तो खोटं बोलला नव्हता. मशेरी कुणी खात नाही, बोटाने दातांना लावतात. दात घासायची वस्तू ती. तिच्यासाठी तंबाखूचं पान बाजारातून तोच आणायचा. मथुरा ते तव्यावर भाजायला लागली की त्याला ठसका लागायचा. तरीसुद्धा मशेरी हा शब्द त्या दुपारी त्याला सुचला नव्हता.

“ह्यात मशेरी खंय आसा?” त्याने हळू विचारलं.

“छापलेलीच नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “मी दोनदा लिहून कळवलंय. उत्तर आलं नाही.”

तो संचिताकडे वळला. “आणि तू? सगळो गाव तुका बोलता. कागद तुज्याकडे होतो. कित्याक नाय दाखवलंस?”

“काय दाखवतलंय, काकानू?” ती म्हणाली. “काकी गेलेली. तुम्ही एकटे घरात. तुमका सांगू, की तुमीच नाय म्हणालात म्हणान?” तिने डोळे पुसले. “आणि माका तरी खंय सुचला? माजी आई रोज माज्यासमोर मशेरी लावता. तिच्या कागदार पण मी नायच लिवलंय.”

लवूने गालावरचा हात खाली घेतला. गुरुदास खुर्चीवरून उठला. चार माणसांसमोर बोलायची त्याला सवय नव्हती. कागद दोन्ही हातांनी धरून तो रांगेपुढे उभा राहिला.

“संचितान घरात बसान काय भरूक नाय. मी सांगलंय ताच तिणा लिवल्यान. सही माजी आसा. मी तिच्याबद्दल बोलत फिरलंय ता खोटा.” तो थांबला. “माजी मथुरा मशेरी लावी. तीस वर्षां.”

त्याने कागद टेबलावर ठेवला.

संचिताने नवा फॉर्म पुढ्यात ओढला आणि रांगेतल्या पहिल्या बाईला विचारलं, “तंबाखू खातास?”

“नाय गो.”

संचिताने लिहिलं नाही. पेन तसंच धरून तिने छापलेलं नव्हतं ते विचारलं, “मशेरी लावतास?”

बाईने मागे वळून पाहिलं. मागच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं, आणि तिघी-चौघींनी उजव्या हाताचं काळवंडलेलं बोट हळूच पदरात घेतलं.