निशांतसाठी घर पाहायला

घरात दुखणं शिरलं की आपण आधी औषध शोधत नाही; शेजाऱ्यांना काय सांगायचं, ते शोधतो. वर्ध्याजवळच्या बोरगाव मेघेचे हेडक्लार्क किसनरावही तेच करत होते.

त्यांचा मुलगा निशांत नशेच्या गोळ्यांपायी नोकरी घालवून बसला होता. "दाखल करूनच उपचार करा," असं सांगून डॉक्टरांनी वर्ध्याजवळचंच एक व्यसनमुक्ती केंद्र सुचवलं. पण जवळ म्हणजे ओळखीची माणसं! किसनरावांनी फोनवरच दुसरं केंद्र ठरवलं. त्याचा गुण एकच, ते लांब होतं.

"त्यायची गाडी येईन, घेऊन जाईन," ते बायकोला, यशोदाबाईंना म्हणाले. "पुण्याले नोकरी लागली म्हणून सांगू."

यशोदाबाई डोळे पुसत राहिल्या. पण आष्टीहून आलेली किसनरावांची थोरली बहीण कोकिळाबाई गप्प बसणारी नव्हती.

"पाहून आला का ते केंद्र?"

"फोटो पाठवले त्यायनं, बाई."

"पोरीचं, अंकिताचं लगन जमवलं तवा चार माणसं घेऊन घर पाहाले गेलता. न्हाणीघरसुद्धा पाह्यलं, शेजाऱ्यायले विचारलं. आन् पोरगा फोटोवर देऊन राह्यला?"

"हे का लगन हाये?"

"नाई ना! पोरगी माहेरी येऊन सांगू तरी शकते. हा कोणाले सांगन? चाल, घर पाहू. निशांतलेही घे. राहाचं त्याले हाये."

बहिणीपुढे किसनरावांची हेडक्लार्की कधीच चालली नव्हती. तिघे निघाले.

लांबच्या केंद्राच्या फाटकाला बाहेरून कुलूप होतं. "भेट नाही, फोन नाही," मॅनेजर ऐटीत म्हणाला.

"डॉक्टर?" कोकिळाबाईंनी विचारलं.

"लागला तर बोलावतो."

"आन् एखाद्यानं ऐकलं नाई तं?"

"ऐकायला लावतो," तो हसला.

निशांतने आत्याचा हात घट्ट धरला. किसनरावांनी फाटकाच्या कुलपाकडे पाहिलं. अरेरे, इथे आपण पोराला गाडीत कोंबून पाठवणार होतो!

मग ते डॉक्टरांनी सुचवलेल्या केंद्रात गेले. कोकिळाबाई थेट स्वयंपाकघरात शिरल्या, तर तिथे उपचार घेणारी दोन पोरं भाकरी थापत होती. भाकरी गोल नव्हती. त्यावरही बाईंनी टोकलंच. समुपदेशक जागृतीताईंनी मात्र आधी निशांतकडे खुर्ची सरकवली. "तुला काय वाटतं?"

आजवर हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

"गोळी सोडली की अंग थरथरते. भेव लागते, ताई."

"म्हणून तर डॉक्टर आणि नर्स इथेच मुक्कामी असतात. आणि किसनराव, दर रविवारी तुम्ही आणि त्याच्या आईनं यायचं. घरी परतल्यावर त्याला कसं सांभाळायचं, ते तुम्हालाही शिकावं लागेल."

"पण कोणी पाह्यलं तं..."

तेवढ्यात दारातून डबा घेऊन त्यांच्याच कचेरीतले प्रेमदास आत आले. किसनरावांनीच आधी तोंड उघडलं.

"प्रेमदास, तुमचा कैलास तं हैदराबादले हाये ना?"

प्रेमदासांनी डबा खाली ठेवला. "हैदराबाद इथंच हाये, साहेब. पोरगा सुधरून राह्यला."

किसनरावांना हसू फुटलं, आणि हसता हसता डोळे भरून आले. एकाच कचेरीत बसून दोघं एकमेकांपासून एकच दुःख लपवत होते!

"बाबा, मी इथं राह्यतो," निशांत म्हणाला. "पण रविवारी येजा."

"येईन रे. कोणी पाह्यलं तरी येईन!"

घरी येताच शेजारच्या शोभाबाईंनी विचारलं, "निशांत दिसत नाही?"

यशोदाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. किसनराव म्हणाले, "त्याले नशेची सवय लागलती. उपचाराले ठेवलं, जवळच."

"बरं केलं! रविवारी जाल तवा मले सांगजा. त्याले माह्या हातचे लाडू आवडते."

एवढंच! ज्या प्रश्नाला घाबरून पोराला कुलपात टाकणार होते, तो लाडवांवर मिटला. त्या रात्री किसनरावांना कितीतरी दिवसांनी शांत झोप लागली.

वाचकहो, व्यसन हा आजार आहे. त्यासाठी केंद्र निवडायचं ते पोराला लपवण्यासाठी नव्हे, बरं करण्यासाठी. तेव्हा लेकीचं घर पाहता, तसंच लेकाचंही पाहून या. आणि जिथे तुम्हाला आत येऊ देत नाहीत, तिथे आपलं माणूस ठेवू नका!