भूमिदेवाखालचा पाईप

मित्रांनो, मी एक जुना ड्रेनेजचा पाईप आहे. मातीचा. नाकाला हात लावायच्या आधी जरा थांबा. मी तुमच्याकडे दया मागायला आलेलो नाही आणि माफी तर मुळीच मागणार नाही. आधी माझी हकीकत ऐका, मग नाकाचे काय करायचे ते तुम्हीच ठरवा.

माझा जन्म राचबुरी शहरातल्या एका लांबलचक भट्टीत झाला. तिथे पाण्याचे मोठाले रांजण भाजले जात. कारागीर रांजणांच्या अंगावर पिवळ्या मातीने ड्रॅगन काढायचे, मिशा काढायचे, नखे काढायचे. माझ्या अंगावर कोणी साधी रेघही ओढली नाही. पण आग मात्र दोघांना सारखीच लागली. तीन दिवस आम्ही एकाच भट्टीत भाजलो आणि बाहेर आलो तेव्हा माझीही झिलई त्यांच्याइतकीच चकचकीत होती. पुढे ते रांजण लोकांच्या दारात मानाने उभे राहिले आणि मी जमिनीखाली गेलो. माझे अठरा तुकडे होते, प्रत्येक तुकडा दीड हात लांब. ते एकमेकांच्या तोंडात बसवून जो एक झाला, तो मी.

मला विकत घेतले त्याच भट्टीवर काम करणाऱ्या चम्रतने. त्याचे नुकतेच लग्न झाले होते. खांबांवर उभे लाकडी घर, मागे जमिनीवर न्हाणी, तिच्यातच संडास, आणि गल्लीच्या भिंतीशी मैल्याची टाकी. न्हाणीपासून टाकीपर्यंत मला पुरायचे होते. चम्रतने एक पारदर्शक नळी आणली, तिच्यात पाणी भरले आणि तिचे एक टोक बायकोच्या हातात दिले. तिचे नाव प्रयोंग.

"हलवू नकोस," तो म्हणाला. "दोन्हीकडचं पाणी बघून ढाळ काढायचाय."

"पाणी खाली जातंच की. त्यात बघायचं काय?"

"कमी ढाळ दिला तर पाणी कंटाळून बसतं. जास्त दिला तर एकटंच पुढे पळतं आणि बाकीचं सगळं मागे राहतं. दोघांनी बरोबर चालायला हवं."

"तुझ्या आईला सांग हे. बाजारातून येताना ती नेहमी पुढे पळते आणि पिशव्या माझ्याकडे."

चम्रत इतका हसला, की त्याच्या हातातले टोक हलले आणि माप पुन्हा घ्यावे लागले. तीन वेळा माप घेऊन त्यांनी मला पुरले. हे मी मुद्दाम सांगतो, कारण माझा सगळा मोठेपणा त्या ढाळात आहे.

पुढे बावन्न वर्षे मी काम केले. तुम्ही जेवता, नाहता, धुता, आजारी पडता, आणि मग दार लावून घेता. दार लावल्यावरचे सगळे माझ्याकडे येते. या घरात कोण बाळंत झाले, कोणाला अपचन झाले, कोण न्हाणीत नळ सोडून रडले, हे मला आधी कळायचे आणि मी कोणाला सांगितले नाही. एका वर्षी मोठे पाणी आले. ते ओसरल्यावर गल्लीतल्या निम्म्या घरांचे पाईप गाळाने भरले, पण माझ्यात एक काडी अडकली नाही. तेव्हा चम्रतने न्हाणीमागच्या चेंबरचे झाकण उचलून आत पाहिले आणि "शाबास" म्हटले. बावन्न वर्षांतली ती एकच शाबासकी. नंतर तो वारला. झाकणावर कुंड्या आल्या आणि मी आहे हेच सगळे विसरले. मला त्याचे वाईट वाटले नाही, असे म्हणालो तर ते खोटे होईल.

प्रयोंगची आजी झाली. तिचे गुडघे गेले. खोली वर आणि न्हाणी खाली, मध्ये अकरा पायऱ्या. मग तिने एक युक्ती काढली. ती पाणीच पिईना. पाणी प्यायले नाही की खाली यावे लागत नाही. दिवसातून सहा वेळा येणारी ती दोनदा येऊ लागली. घरात कोणाच्या ध्यानात आले नाही, पण मला कसे कळणार नाही? एप्रिलच्या उन्हात तिला ताप भरला, लघवीला जळजळ सुरू झाली आणि तिला इस्पितळात न्यावे लागले. डॉक्टरने सांगितले, "रोज दोन लिटर पाणी प्यायचं. पुन्हा असं झालं तर मूत्रपिंडावर जाईल."

तिचा मुलगा विरात दुधाचा टेम्पो चालवतो. इस्पितळातून परतताना त्याने ठरवले, की अंगणात आईसाठी जमिनीलगत खोली बांधायची आणि खोलीला लागूनच न्हाणी. उंबरठासुद्धा ठेवायचा नाही, म्हणजे तिला पाय उचलावा लागणार नाही. त्याची बायको नंथिया म्हणाली, बांधतोच आहोत तर उरलेल्या अंगणात हिरवळ करू, एक छोटे तळे करू, त्यात मासे सोडू. थविन नावाच्या मिस्त्रीला काम दिले. कामे चांगली होती, माणसेही चांगली होती. घोटाळा वेगळ्याच ठिकाणी झाला.

नव्या खोलीची सावली भूमिदेवाच्या, म्हणजे जागेची राखण करणाऱ्या देवाच्या, घरावर पडू लागली. एका खांबावरचे ते छोटे घर अंगणात होते, आणि त्याच्यावर माणसाच्या घराची सावली पडलेली चालत नाही. ते हलवायला हवे होते. विधी करणारे आचार्य आले. त्यांनी दिशा पाहिली, पावले मोजली आणि एका कोपऱ्यात अगरबत्ती रोवली. ती नेमकी माझ्या अकराव्या तुकड्यावर होती.

"जागा उत्तम आहे," आचार्य म्हणाले. "फक्त खालून काही जात नाही ना?"

"आमचा ड्रेनेजचा पाईप जातो," आजी खुर्चीत बसून म्हणाली.

"मग नाही चालायचं. देवाच्या पायाखालून मैला? तो पाईप बंद करा, दुसरीकडून न्या. गुरुवारी नऊ वाजून नऊ मिनिटांनी मुहूर्त आहे. त्यानंतर दोन महिने नाही."

देवाला खाली मैला चालत नाही. ठीक आहे. पण तो मैला कोणाचा होता? देवापुढे नैवेद्याची लाल सोड्याची बाटली ठेवून नंतर तीच पिणाऱ्यांचा. अपवित्र ठरलो मात्र मी!

थविनने प्लास्टिकचा नवा पाईप आणला. जुन्या न्हाणीचे आणि नव्या न्हाणीचे पाणी त्यातूनच न्यायचे होते. तो खोलीला वळसा घालून, तळ्याला वळसा घालून, हिरवळीच्या कडेने टाकीकडे जाणार होता. चार काटकोनी वळणे. चेंबर एकही नाही, कारण नंथियाला हिरवळीत झाकण दिसायला नको होते.

"वहिनी, एक तरी झाकण ठेवू या," थविन म्हणाला.

"अहो मिस्त्री, लोक तळं बघायला येणार. त्यांना काय झाकण दाखवू?"

"आणि ढाळ?" आजीने विचारले.

"आजी, प्लास्टिक आहे ते. गुळगुळीत असतं. पाणी आपोआप घसरतं."

आजी आणखी बोलली असती तरी गुरुवार जवळ आला होता आणि त्या गडबडीत तिचे कोणी ऐकले नसते.

बुधवारी संध्याकाळी थविनने नव्या पाइपात बादलीभर पाणी ओतून पाहिले. दुसऱ्या वळणावर ते थांबले आणि तिथेच बसून राहिले. उकरून पुन्हा बसवायला दोन दिवस हवे होते. थविनने इकडे तिकडे पाहिले, खड्डा बुजवला, वर हिरवळ अंथरली. जुन्या न्हाणीचा जोड त्याने माझ्यावरून काढलाच नाही. आणि विरातला सांगितले, "झालं काम. जुना पाईप बंद."

गुरुवारी नऊ वाजून नऊ मिनिटांनी भूमिदेव माझ्या पाठीवर बसले. मोगऱ्याच्या माळा आल्या, उकडलेली अंडी आली, केळी आली. पाहुणे जेवले आणि एकेक करून न्हाणीत गेले. त्या सगळ्यांचे मी देवाच्या खालून मुकाट्याने वाहून नेले. पायाचे काँक्रीट माझ्या अंगावर ओतले होते, तरी माझा एक सांधा हलला नाही. देवाला वास आला नाही, घरात कोणाला ठेच लागली नाही.

पंधरा दिवसांनी आजी नव्या खोलीत राहायला आली. पहिले आठ दिवस फार चांगले गेले. उशाशी पाण्याचा तांब्या असायचा आणि तो दोनदा भरावा लागायचा. नवव्या दिवशी तिच्या न्हाणीच्या जाळीतून काळे पाणी वर आले. एका न्हाणीचेच पाणी, पण तेही त्या पाइपाला पुढे नेता आले नव्हते. तिची जमीन घरात सगळ्यांत खाली होती. ते पाणी अंथरुणापर्यंत आले. विरातने तिला धरून पुन्हा अकरा पायऱ्या वर नेले आणि तांब्या पुन्हा भरलेलाच राहू लागला.

थविनने दोनदा बांबू घालून पाहिला, पाणी तात्पुरते उतरायचे आणि पुन्हा चढायचे. असे करता करता मुहूर्ताला तीन महिने झाले. शेवटी तो म्हणाला, "विरातभाऊ, माझं काम पक्कं आहे. पण तो जुना पाईप खाली तसाच पडून आहे ना. मातीचा माल, फुटला असणार. त्याच्यात साचलेलं पाणी उलटं येतंय. त्याच्यात काँक्रीट भरून टाकू."

विरातने होकारार्थी मान हलवली. मित्रांनो, मला बोलता येत नाही याचा मला इतका संताप कधीच आला नव्हता.

आजी मात्र पायऱ्या उतरून आली. एकेक पायरी, कठड्याला धरून. नंथिया धावली तर तिला म्हणाली, "मला धरू नकोस. कुंपणावरची गोकर्णीची फुलं काढ. सगळी. आणि उकळून दोन बादल्या निळं पाणी कर."

"सरबत करायचंय का, आई?"

"हो. टाकीला पाजायचंय."

विरातने टाकीचे झाकण उचलले. आजी खुर्ची घेऊन तोंडाशी बसली. आत दोन तोंडे दिसत होती, एक माझे आणि एक प्लास्टिकचे. थविन बाजूला घाम पुसत उभा होता.

"ओत," आजी ओरडली.

"ओतलं, आई," जुन्या न्हाणीतून नंथियाचा आवाज आला.

मी ते निळे पाणी उचलले आणि चम्रतच्या ढाळावरून खाली आणले. भूमिदेवाच्या खालून, न थांबता, न पळता. आजीने वीसपर्यंत आकडे मोजले असतील नसतील, माझ्या तोंडातून निळी धार टाकीत पडली.

"हा तर बंद केलाय ना?" विरात म्हणाला.

दुसरी बादली नव्या न्हाणीत ओतली. एक अगरबत्ती जळून संपेल इतका वेळ सगळे पाहत राहिले. प्लास्टिकच्या तोंडातून चार थेंब आले, तेही काळे.

"थविन," आजी म्हणाली, "फुटलेला पाईप बघितलास?"

"आजी, मुहूर्त थांबत नव्हता. नवीन लाईन वाहत नव्हती. माझ्यापुढे काय इलाज होता?"

"सांगायचं होतंस."

"देवाच्या समोर कसं सांगू, की तुमच्या खालून..."

"देवाला घाबरलास आणि म्हातारीला बुडवलंस. वर दोष कोणाला दिलास, तर ज्याला तोंड असून बोलता येत नाही त्याला."

नंथियाचा चेहरा उतरला होता. "आई, म्हणजे तीन महिने देवाच्या खालून आपलं... आता काय होईल?"

आजी देवासमोर गेली, तिने अगरबत्त्या लावल्या, लाल सोड्याची बाटली उघडून ठेवली आणि हात जोडले. ती शेजारणीशी बोलावे तशी बोलली.

"जागेच्या मालका, तीन महिने आमचं पाणी तुमच्या खालून गेलं. चूक आमच्या घराची. पण खरं सांगा, तुम्हाला एकदा तरी वास आला का? तुमच्या पायाला थेंब लागला का? या पाइपाने लागू दिला नाही. नियम तुमचा आहे, तो आम्ही पाळू, लाईन दुसरीकडून नेऊ. तोवर रागवायचं असेल तर माझ्यावर रागवा. त्याच्यावर नाही."

मला रडू आले असते, पण मी ड्रेनेजचा पाईप आहे. माझ्यातून वाहिलेले पाणी कोणी अश्रू म्हणून ओळखले नसते.

दुसऱ्या दिवशी हिरवळ उकरली. तळे गेले. मासे रांजणात गेले. दुसरा नवा पाईप देवाला टाळून जमेल तितका सरळ घातला. काटकोन एकही नाही, दोनच सौम्य वळणे आणि तीन चेंबर. थविननेच ते केले आणि जास्तीच्या कामाचे पैसे मागितले नाहीत. ढाळ काढताना पाण्याच्या नळीचे एक टोक आजीने खुर्चीत बसून धरले.

"आई, हिरवळीत तीन झाकणं," नंथिया म्हणाली. "लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, या घरात म्हातारीला पोटभर पाणी प्यायला मिळतं."

नंथियाने स्वतः तिन्ही झाकणांभोवतीचे गवत कापले.

मग माझी दोन्ही तोंडे सिमेंटने बंद केली. आता मी कोरडा आहे आणि माझ्या पाठीवर देव बसले आहेत. मी हरलो असे समजू नका. ज्या पाइपाचा दोष माझ्या माथी मारला होता, तो उकरून भंगारात गेला. माझी जागा घेतली ती माझ्याच ढाळाने वाहणाऱ्याने. त्याच्यापुढे बाजूला व्हायला मला लाज वाटत नाही. मातीतून त्याचा आवाज मला येतो. सकाळी येतो, दहाला येतो, जेवणानंतर येतो, दुपारी दोनदा येतो. आजी पाणी पिते आहे.

मित्रांनो, घर बांधाल तेव्हा आधी खालचे पाहा. ढाळ चोरू नका. झाकणे लपवू नका. आणि मला जुना म्हणा, मातीचा म्हणा, घाणेरडा मात्र म्हणू नका. बावन्न वर्षे या घराची घाण माझ्यातून गेली आणि मी ती एकदाही कोणाच्या दारात परत येऊ दिली नाही.