बेंदराची आमटी

कोल्हापूर संस्थान विलीन झालं त्या सालची गोष्ट. सराफांच्या गुजरीमागच्या बोळात त्र्यंबकचं मुलाम्याचं दुकान होतं. पुढच्या खोलीत दुकान, मागं संसार. लोकांच्या जुन्या पैंजणांवर, तोड्यांवर चांदीचं पाणी चढवायचं हा त्याचा धंदा. त्या पाण्यात जहर असतं, तेव्हा बायकापोरांनी तिकडं फिरकायचं नाही, असा त्याचा दंडक होता. मागं स्वयंपाकघरात त्याच्या आईचा, अक्काचा, दंडक त्याहून जबर. कुणी पारोशा हातानं पाण्याच्या घागरीला नुसतं बोट लावलं, तरी अख्खी घागर मोरीत जायची.

या दोन दंडकांत त्र्यंबकची बायको श्यामला गुमान नांदत होती. तिच्या जिवाला घोर एकच, चार वर्षांची यमू. पोरीचं पोट सारखं दुखायचं, सण झाला की जास्तच. ओवा झाला, हिंग झाला, दृष्ट काढून झाली, पण गुण म्हणून नाही.

बेंदराच्या, म्हणजे बैलांच्या सणाच्या, आदल्या दिवशी त्र्यंबक चहाला गेला होता आणि एक गिऱ्हाईक दारात हाका मारून दमलं होतं. म्हणून श्यामला पहिल्यांदाच मधला पडदा सारून दुकानात गेली आणि जागीच थबकली.

शेगडीवर तिचं पातेलं होतं. हातकणंगल्याहून माहेरानं दिलेलं, कल्हईचं, काठावर तिचं नाव कोरलेलं. सणाची आमटी व्हायची ती त्यातच. आता त्यात परक्या बायकांचे पैंजण उकळत होते आणि वर पायांचा मळ तरंगत होता, काळा, चिकट, केसांसकट. पातेल्याच्या कडेनं आत निळी-हिरवी पुटं धरली होती. शेजारी मुलाम्याच्या पाण्याच्या बरणीत अगदी तोच रंग होता. मळ निघाला की त्र्यंबक ते जहरही ह्यातच ओतत होता, हे कळायला शहाणपण लागत नव्हतं. श्यामलानं तोंडाला पदर लावला आणि मोरीकडं धावली.

त्र्यंबक परत आला तो उलट तिच्यावरच खेकसला. "एवढं काय झालं ओकायला? धुतोय की मी! चिंच लावतोय, राखंनं घासतोय, वर निसार कल्हईवाल्याकडनं कल्हई करून आणतोय. नवंकोरं हुतंय भांडं. अक्का, सांग की हिला."

"खरं हाय त्येचं," अक्का म्हणाली. "आत विस्तव फिरवला की भांडं शुद्ध. त्यात काय न्हाय राहत."

झालं! घागरीला लागलेलं बोट चालत नव्हतं, पण साऱ्या गावच्या टाचा आमटीत चालत होत्या. श्यामलाला रात्री घास गिळवला नाही. डोळे मिटले की त्या मळातला केस दिसायचा.

बेंदराला पातेलं कल्हई होऊन लख्ख परत आलं. अक्कानं निखारे टाकून ते चांगलं फिरवलं आणि कटाची आमटी रटारटा शिजवली. पानं मांडली. त्र्यंबकनं नेहमीसारखी दुधाची वाटी पुढं ओढली. ती वाटी बघितली आणि श्यामलाला मागचे सगळे सण आठवले. दरेक सणाला हा बाबा पोळी दुधाशीच खायचा. पित्त होतं म्हणे.

तिनं आमटीची वाटी त्याच्यापुढं ठेवली. "दोन घोट घ्या. मग यमूला वाढते."

"मला पित्त हाय, ठावं न्हाय व्हय?"

"सणालाच बरं उठतंय ते!"

"घे की रं," अक्का हसत म्हणाली, "विस्तव फिरवलाय मी."

त्र्यंबकनं डाव्या हाताच्या एका बोटानं वाटी लांब सारली. मान खाली. अक्काचा आमटीत बुडवलेला घास तसाच हातात राहिला. मागल्या सणाला तिनं दोन वाट्या भुरकल्या होत्या. तिनं घास पानात टाकला आणि जन्मात पहिल्यांदा ती सणाच्या दिवशी भरल्या पानावरून उठली.

श्यामलानं पातेलं उचललं. दारात नैवेद्याला गाय येऊन उभी होती. तिच्यापुढं ती आमटी ओतणार, असं अक्काला वाटलं.

"गाईम्होरं ओतू नगंस गं!" अक्का किंचाळली. "मुकं जनावर हाय ते!"

श्यामला वळली. आजवर तिनं सासूच्या डोळ्याला डोळा भिडवला नव्हता.

"आन् माझी यमू, अक्का?"

श्यामला पडदा सारून दुकानात गेली आणि आमटीनं भरलेलं ते पातेलं तिनं मुलाम्याच्या बरणीशेजारी नेऊन ठेवलं. मग हात धुतले, पुन्हा धुतले आणि यमूला दुधात पोळी कुस्करून दिली.