गाण्याच्या पानावर नाही

जाहिरात कुठे लावायची यावरून माझं आणि माझ्या धाकट्या भावाचं, नझीमचं, वाजलं तेव्हाच मी सांगून टाकलं होतं. दाण्याच्या पानावर लाव. पिंजऱ्यांच्या पानावर लाव. लोक जिथे एकमेकांच्या पाखरांना नावं ठेवतात त्या पानावर तर हव्या तेवढ्या लाव. पण गाण्याच्या पानाला हात लावायचा नाही.

आमची वेबसाइट मकनीनची. लाल तोंडाचं, पिवळ्या पंखांचं एवढंसं पाखरू, पण अल्जीरियातल्या आमच्या कॉन्स्टँटिन शहरातले पुरुष त्याच्यापायी बायकोशी अबोला धरतील. त्याचं पिल्लू जे ऐकतं तेच शिकतं. म्हणून पिंजऱ्यावर कापड टाकायचं, खोलीचं दार लावून घ्यायचं आणि आत एखाद्या नामांकित पाखराचं गाणं दिवसभर वाजत ठेवायचं. ते गाणं लोक आमच्या पानावरून लावतात.

"ताई, वेबसाइट हवेवर चालत नाही," नझीम म्हणाला. वेबसाइटचं भाडं तो भरत होता, त्यामुळे आवाजही त्याचाच मोठा. अल्जिअर्सहून आलेल्या सोफियान नावाच्या जाहिरातवाल्याला त्यानं गाण्याचं पान देऊन टाकलं. प्रत्येक गाणं संपलं की कपड्यांच्या साबणाची जाहिरात, शिटीवर वाजवलेली. मी चार दिवस नझीमशी बोलले नाही. काही उपयोग झाला नाही.

मकनीन पाळणाऱ्या लख्दर काकांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. त्यांचं 'बे' नावाचं पाखरू म्हणजे शहरातला सगळ्यात मोठा गवई. तो मेला आणि त्याचं गाणं फक्त आमच्या पानावर उरलं. त्याच्या वंशातलं एक पिल्लू काकांनी गच्चीवरच्या खोलीत ठेवलं होतं. पहाटे दाणापाणी ठेवायचं, बेचं गाणं लावायचं आणि ते संपायच्या आत दार ओढून खाली यायचं, असा त्यांचा नेम. पिल्लाच्या कानावर माणसाचा खोकलासुद्धा पडायला नको ना!

पिल्लू तयार झालं तसे काका पिंजरा घेऊन कॅफेत आले. मी गाणं रेकॉर्ड करायला गेले होते. काकांनी कापड काढलं. पाखरानं बेचा पहिला आलाप घेतला आणि सगळ्यांनी हातातले कप खाली ठेवले. एक म्हातारा तर डोळे पुसायला लागला. आलाप संपला आणि पाठोपाठ साबणाची शिटी आली, अगदी चोख.

कॅफे फुटला हसून. "लख्दर, आमचे पण सदरे घे रे धुवायला!" कुणीतरी ओरडलं. काकांनी पिंजऱ्यावर कापड टाकलं आणि कुणाकडे न बघता निघून गेले. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

दुसऱ्या दिवशी सोफियान कॅमेरा घेऊन काकांच्या घरी हजर! मागून ओशाळलेला नझीम. मी आधीच तिथे बसले होते.

"काका, काय नशीब तुमचं!" सोफियान म्हणाला. "पाखरू जाहिरात गातंय! सगळा देश बघेल."

मी लॅपटॉप उघडला आणि त्याच्या डोळ्यांदेखत ती जाहिरात उडवली.

"अहो, करार झालाय आपला!"

"झालाय ना. जा कोर्टात. जजसाहेबांना सांग, पाखरानं माझा साबण विकलाच पाहिजे म्हणून."

"मग लावू तरी कुठे?"

"पिंजऱ्याचं कापड कसं धुवायचं याचं एक पान आहे. तिथे लाव."

"तिथे कोण कुत्रं येतं?"

"ज्याला कापड धुवायचंय तो येतो. साबणही तोच घेतो. तुला एवढंही कळत नसेल तर धंदा कसला करतोस?"

तो तणतणत निघून गेला. नझीमनं कपाळाला हात लावला. "थंडीत भाड्याची मुदत संपते. पैसे कुठून आणणार? सगळं बंद पडेल, ताई."

"पडू दे. चालेल तोवर ते पान गाण्याचंच राहील. कुणाच्या बापाला देणार नाही."

काका उठले. पिंजऱ्यावरचं कापड सारखं केलं आणि माझ्याकडे वळले.

"झुलिखा, पान आता स्वच्छ आहे?"

"स्वच्छ आहे, काका. पण थंडीपर्यंतच."

"याच्या आईनं काल नवी पिल्लं काढलीत," काका म्हणाले. "थंडीपर्यंत सगळं पाठ होतंय त्यांचं. मग खुशाल बंद कर तुझं दुकान."