अशाकेच्या गालावरच्या रेघा

मित्रांनो, मला उजेडासमोर धरा. पांढऱ्या बुबुळांची, पांढऱ्या केसांची एक बाई दिसेल. घाबरू नका. ती नायजेरियातल्या इबादान शहरातली अशाके आहे, नुकतेच लग्न झालेली. आणि मी तिच्या फोटोची जुनी निगेटिव्ह; माझ्यात काळ्याचे पांढरे आणि पांढऱ्याचे काळे दिसते. मोकोला भागातल्या एका स्टुडिओत माझा जन्म झाला. पुढे कितीतरी वर्षे मी बिस्किटांच्या डब्यात, झुरळांच्या घाणीत पडून होते.

अशाके वारली. तिचे सगळे फोटो गळक्या छपराखाली आधीच कुजले होते. पहिल्या पुण्यतिथीच्या प्रार्थनेला मोठा फोटो हवा, म्हणून तिची मुलगी मोरेनिके मला लॅबमध्ये घेऊन गेली.

त्या लॅबवाल्याची मला आजही किळस येते. तेलकट भजी खाता खाताच त्याने मला उचलले. अंगठा थेट अशाकेच्या तोंडावर! मग माझ्यावर थुंकून शर्टाच्या टोकाने पुसले.

फोटो घरी आला. अशाकेचे म्हातारे पती लावुयी बघतच राहिले.

"ही कोण गं?"

"आई, बाबा."

"कुणाची आई?"

गोरी, गुळगुळीत, हसरी बाई होती ती. अशाकेच्या गालांवर तान्हेपणी कोरलेल्या घराण्याच्या रेघा होत्या. त्या गायब! मोरेनिके तणतणत लॅबमध्ये गेली.

"ओरखडे काढले मॅडम, तेही फुकटात!"

"ओरखडे? तुझ्या आजीच्या गालावर काय आहे रे?"

तो ओशाळला. "पण आता असलं कुणाला आवडतं?"

"शी!" म्हणून तिने मला हिसकावून घेतले.

मावसभावाचा स्कॅनर तिने मागून आणला. हात धुतले, मला कडेने धरले, मऊ ब्रशने धूळ झटकली. पहिल्यांदा मी काचेला चिकटले आणि चित्रावर रंगीत वर्तुळे उमटली. तिने पुठ्ठ्याची चौकट करून मला त्यात बसवले. तर अर्ध्यावर वीज गेली. वीज आल्यावर चित्र स्वच्छ उतरले, पण रेघा पुन्हा नाहीत! यंत्रही आपणहून 'ओरखडे' पुसत होते.

"तूसुद्धा, मेल्या?" तिने ती सोय शोधून बंद केली.

मग संगणकाच्या पडद्यावर अशाके आली. रेघांसकट, बुरशीच्या डागासकट, ओठ घट्ट मिटलेली. लावुयी खुर्ची ओढून जवळ बसले.

"रागावलीये," ते हळूच म्हणाले. "मी स्टुडिओत उशिरा पोचलो होतो ना."

"डाग तरी काढू का, बाबा?"

"कशालाही हात लावू नकोस. रागावू दे तिला."

मित्रांनो, तुमच्या घरातल्या डब्यांतही माझ्या बहिणी असतील. खरकटे हात धुऊन, कडेने धरून त्यांना बाहेर काढा. आणि तुमच्या आजीचा चेहरा ज्याला बदलावासा वाटतो, त्याच्या हाती त्यांना कधी देऊ नका.